ट्रेच्या आधी ट्रेखालचं बोलू

गेल्या खेपेला मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लिहिलं आणि पत्रं आली ती बाथरूमची. साहजिक आहे. ओटा चुकला तर आपली कंबर दुखते, बाथरूम चुकलं तर खालच्या मजल्यावरचे लोक जिना चढून येतात. पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच येऊन जातात.

*प्रश्न : नमस्कार ताई. आमची इमारत १९९८ ची, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, बाथरूम सात बाय चार. अंघोळ झाली की सगळीकडे ओलं होतं, म्हणून कोपऱ्यात तीन बाय तीनचा ॲक्रिलिकचा शॉवर ट्रे बसवून काचेचं पार्टिशन करायचं आहे. एक प्लंबर म्हणतो, आहे त्या टाइल्सवरच ट्रे ठेवतो, कडेनं सिलिकॉन मारतो, एका दिवसात काम. दुसरा कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, पूर्ण बाथरूम फोडावं लागेल, पंधरा दिवस लागतील. कुणाचं ऐकू? (वाचक, सिंहगड रस्ता, पुणे)*

दुसऱ्याचं ऐका. पण पंधरा दिवस कशाला हे त्यानं सांगितलेलं दिसत नाही. ते तुम्हाला माहीत हवं, नाहीतर मधली एखादी पायरी तो गाळेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

आधी एका दिवसवाल्याचं बघू. ट्रेच्या भोकाखाली ट्रॅप लागतो. ट्रॅपच्या पोटात साधारण दोन इंच पाणी कायम उभं असतं, म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. तो बसायला ट्रेखाली तीन-चार इंच तरी खोली हवी. तुमच्या टाइल्सवर ती आणणार कुठून? मग प्लंबरकडे दोन वाटा उरतात. एक, विटांवर ट्रे उचलायचा. म्हणजे सहा-सात इंचांची पायरी चढून अंघोळीला जायचं आणि ओल्या पायांनी उतरायचं. दुसरी वाट तो तुम्हाला सांगत नाही, करून मोकळा होतो. ट्रेच्या भोकाला पाइपच जोडायचा नाही. पाणी ट्रेखालच्या पोकळीत पडतं आणि टाइल्सच्या जुन्या उतारावरून आपलं आपण जुन्या जाळीकडे जातं. वरून बघाल तर काम झकास.

असा एक ट्रे मी हडपसरला उघडला होता. तक्रार एवढीच होती की कितीही फिनेल टाका, वास जात नाही. ट्रे उचलला तर खाली साबणाचा राखाडी गाळ, चार बोटं जाड. थापी घातली की कवडीच्या दह्यासारखा तुकडा सुटायचा. त्यात केसांचे गुंतवळ, टूथपेस्टचं झाकण आणि मोत्याचा एक डूल. घरच्या बाईंनी डूल ओळखला. दोन वर्षांपूर्वी तो हरवला तेव्हा कामवालीवर संशय घेऊन तिला काढलं होतं. त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या, पाणीसुद्धा मागितलं नाही. त्या दिवशी आम्ही पुढचं काम केलं नाही.

आता मूळ मुद्दा. शॉवर ट्रे ही थाळी आहे, वॉटरप्रूफिंग नव्हे. ट्रेची कड आणि भिंत यांच्या सांध्यातून पाणी जातंच, आज नाही तर सिलिकॉन काळं पडून सुटलं की. म्हणून वर ट्रे येणारच नाही असं धरून खालचं काम करायचं.

तुमच्या काळातल्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बहुधा संक असतो, म्हणजे खोलीच्या पातळीपेक्षा आठ इंच ते फूटभर खाली घेतलेला, आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा. त्या कोब्यात इतक्या वर्षांचं पाणी मुरलेलं आहे. फक्त ट्रेपुरता चौकोन फोडलात तर उरलेल्या कोब्यातलं पाणी नव्या कामाच्या पोटात शिरतं, आणि जुन्या-नव्याचा सांधा ही गळतीची हक्काची जागा. म्हणून पूर्ण फोडायचं. छिन्नी-हातोड्यानं, ब्रेकर मशिननं नाही. खालचा स्लॅब चार-पाच इंचांचाच असतो आणि मशिन हातात आलेल्या पोराला थांबायचं कुठं ते कळत नाही.

उघडलं की दोन गोष्टी स्वतः वाकून बघा. पाण्याच्या लाइनी जुन्या जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या असतील तर त्या आत्ताच बदला. सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे पाइप टाकून, दाब देऊन तपासून मगच झाका. दुसरी गोष्ट म्हणजे स्पाउट. संकमध्ये मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून स्लॅबच्या पातळीला बाहेरच्या भिंतीतून बोटभर जाडीची नळी काढून ठेवलेली असते. बाहेरून रंग मारताना रंगारी ती लांबी, म्हणजे पुट्टी भरून बुजवतात, आगाऊ भोक दिसलं म्हणून. मी निदान दहा इमारतींत तरी अशी बुजलेली नळी मोकळी करून घेतली आहे. एकदा तर ती उघडल्यावर अर्धा तास पाणी ठिबकत होतं आणि सोसायटीचे चेअरमन खाली उभं राहून वर बघत होते.

मग स्लॅब धुऊन, वाळवून, पाइप जिथून स्लॅबच्या आरपार जातात तिथं आकसणार नाही असं ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंटचा मसाला भरायचा. गळती स्लॅबच्या मधोमध क्वचित होते. ती पाइपाच्या बगलेतून होते आणि कोपऱ्यातून होते. म्हणून भिंत आणि स्लॅब यांच्या काटकोनात चारी बाजूंनी वाटा मारून घ्या, मसाल्याचा तिरपा गोलसर पट्टा, दोन इंच तरी. त्यावर पॉलिमर आणि सिमेंटचं दोन घटकांचं कोटिंग, दोन हात. पहिला हात उभा मारला तर दुसरा आडवा. इतर भिंतींवर फूटभर वर न्या, शॉवरच्या दोन्ही भिंतींवर डोक्याच्या वर.

आणि मग पाणी भरून ठेवायचं. जाळ्या-पाइपांची तोंडं बंद करून दोन इंच पाणी, ४८ तास. भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारा. दोन दिवसांनी रेघ आणि पाणी बघा आणि खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन मोबाइलच्या टॉर्चनं त्यांचं छत बघा. जाताना हातात काहीतरी खाऊ घेऊन जा, पुढचे पंधरा दिवस ठोकाठोक तेच ऐकणार आहेत.

ही चाचणी दोनदा करायची. एकदा स्लॅबवरच्या कोटिंगनंतर, एकदा कोबा करून त्यावरचं कोटिंग झाल्यावर. दुसरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. मला झाला होता. २००९ साली माझ्या स्वतःच्या घरी काम काढलं, दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली, सासूबाई रोज विचारायच्या की न्हायचं कुठं. मी दुसऱ्यांदा पाणी भरलंच नाही. साइटवर दुसऱ्याकडून चाचण्यांची वही भरून घेणारी बाई, स्वतःच्या घरी म्हणाले, चालतंय. नरक चतुर्दशीला पहाटे घरातल्या सहा जणांनी उटणं लावून, बादल्या ओतून अभ्यंगस्नान केलं. साडेसहाला बेल वाजली. दारात खालच्या काकू, फराळाचं ताट घेऊन. म्हणाल्या, "अभ्यंग आमच्याकडेही झालं हो. वरून." ताट दिलं आणि गेल्या. आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. पाडव्यानंतर टाइल्स पुन्हा फोडल्या, तेव्हा कोब्यावरच्या कोटिंगला जाळीपाशी नखाएवढी चीर निघाली.

कोबा करताना विटांचे तुकडे आधी भिजवून घ्या. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि मसाला भुसभुशीत राहतो. ट्रेचा ट्रॅप आणि पाइप कोब्यातच बसवायचा, त्यासाठीच तर खोली केली. काचेच्या या बाजूला, कोरड्या भागात, दुसरी जाळी ठेवाल. तिच्यात आठवड्याला तांब्याभर पाणी ओतायला विसरू नका. पाणी पडलं नाही की ट्रॅपमधलं पाणी उडून जातं आणि वास सुरू होतो. मग लोक प्लंबरला बोलावतात आणि तोही येतो.

आता ट्रे. बाजारात तीन बाय तीन म्हणून मिळतो तो ९०० मिमीचा असतो, तीन फुटाला अर्धा इंच कमी. माप टाइल्सपासून घेऊ नका, गिलाव्यापासून घ्या, कारण ट्रे आधी बसतो आणि भिंतीची टाइल त्याच्या कडेवर उतरते. उलटं केलं, म्हणजे टाइल आधी आणि ट्रे नंतर चिकटवला, की भिंतीवरून ओघळणारं पाणी थेट ट्रेच्या मागं जातं.

ट्रेखाली पोकळी ठेवायची नाही. पायांचा सेट येतो. तो लेव्हल जमवण्यापुरता ठीक, पण आपल्याकडे ट्रेमध्ये माणूस उभा राहतो, वर वीस लिटरची भरलेली बादली आदळतो, कुणी पाट टाकून बसतं. ॲक्रिलिक खालून पोकळ असेल तर दर अंघोळीला किंचित लवतं, आणि लवणारी वस्तू सांध्यातलं सिलिकॉन सोडवते. खाली सहा भाग वाळूला एक भाग सिमेंट असा अर्धओला बिछाना करा आणि ट्रे त्यावर दाबून बसवा. बोटानं वाजवून बघा, ठक्क आवाज आला पाहिजे. ढब्ब आला तर तिथं पोकळ आहे. उचला आणि परत करा. मसाला ओला आहे तोवर उचलता येतो, उद्या नाही.

पाणसळ आडवी-उभी दोन्हीकडे लावून ट्रे अगदी समपातळीत बसवायचा. गवंड्याचा हात इथं हटकून चुकतो. त्याला सवय फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच उतार द्यायची. टाइल्स असत्या तर बरोबरच होतं, पण ट्रेचा उतार कारखान्यात साच्यातच घातलेला असतो. वर यानं आपला उतार दिला की एका कोपऱ्यात वाटीभर पाणी रोज साचतं. चोवीस तास पाय ठेवू देऊ नका. नंतर ट्रे आणि टाइल्समधल्या फटीत सिलिकॉन भरताना ट्रेमध्ये पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या ठेवा आणि सिलिकॉन वाळेपर्यंत तशाच राहू द्या. वजनानं ट्रे जो केसभर खाली जायचा तो आधीच जातो आणि फट रुंद असतानाच भरली जाते. त्या फटीत सिमेंट किंवा ग्राउट भरू देऊ नका, महिन्यात तडकतं.

शेवटी एक हिशोब करा. ९०० मिमीच्या ट्रेची कड आतून तीन सेंटिमीटर असेल तर त्यात फार तर २४ लिटर पाणी मावतं. शॉवर मिनिटाला दहा-बारा लिटर सोडतो, त्याला हे पुष्कळ झालं. पण तुमच्या घरात उरलेली बादली 'हुश्श' करून एकदम डोक्यावर ओतणारं कुणी आहे का? असेल तर ट्रे काठोकाठ भरतो आणि केस अडकून निचरा मंद झाला असेल तर पाणी काचेखालून बाहेर. मग ज्या कोरड्या बाथरूमसाठी एवढं केलं ते ओलंच.

म्हणून माझं मत विचाराल तर पूर्ण फोडणारच आहात, तर ट्रे विकत घेऊ नका. ट्रेच्या जागी तेवढाच चौकोन पाऊण-एक इंच खाली घेऊन खरबरीत टाइल्स लावा, उतार फुटाला दोन सूत. टाइल फूट बाय फूटच्या वर नको, मोठ्या टाइलला चारी बाजूंनी उतार देताच येत नाही. ट्रे मी सुचवते तो गच्चीवरच्या किंवा पोटमाळ्यालगतच्या छोट्या बाथरूमला, जिथं वजन आणि जाडी कमी ठेवायची आहे आणि अंघोळ करणारे बादलीवाले नाहीत.

*प्रश्न : वडील ८० वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. बिल्डरनं दिलेल्या शॉवरच्या जागेला चार इंचांची कडाप्प्याची कड आहे. ते पाय उचलताना अडखळतात. कड काढली तर पाणी बाहेर येईल अशी भीती वाटते. बाजारात चांगला अँटी-स्किड ट्रे कोणता? (वाचक, नाशिक)*

ट्रे नको. त्यांना पाय उचलावा लागेल अशी कुठलीच वस्तू नको, मग ती चार इंचांची असो की दीड. कड काढून टाका. पाणी कड अडवत नसते, उतार अडवतो. दाराकडून शॉवरकडे सगळा उतार घ्या आणि शॉवरच्या कडेनं भिंतीलगत लांब जाळीची चॅनल टाका. उतार एकाच दिशेला राहतो, त्यामुळे चालताना पाऊल वाकडं पडत नाही.

टाइल घेताना दुकानदार 'अँटी-स्किड आहे' एवढंच म्हणेल. पाठीमागचा किंवा खोक्यावरचा आकडा विचारा. आर-१० किंवा आर-११ असतं ते बूट घालून केलेल्या चाचणीचं. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे. शॉवरला बी हवी. हे कळत नसेल तर टाइलवर पाणी आणि शाम्पूचा थेंब टाकून अंगठ्यानं घासून बघा. मी दुकानात चप्पल काढून उभी राहते. हसतात लोक, हसू देत.

अशा खरबरीत टाइलवर चोषकांची रबरी मॅट टाकू नका. चोषक धरत नाहीत आणि मॅटच घसरते. जी वस्तू पडू नये म्हणून आणली तिच्यावरूनच पडलेले एक गृहस्थ माझ्या माहितीत आहेत.

धरायचा दांडा जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, दीड इंचाच्या आत जाडीचा, म्हणजे मूठ पूर्ण मिटते. भिंत विटांची असेल तर उत्तम. हलक्या पांढऱ्या ब्लॉकची असेल तर साधे प्लगचे स्क्रू चालणार नाहीत, केमिकल अँकर मागा. बसवल्यावर मिस्त्रीलाच सांगा, लोंबकळ. बसायला भिंतीतलं स्टूल किंवा जड खुर्ची, उंची १७-१८ इंच. आपला लाकडी पाट आता माळ्यावर. हँड शॉवर बसल्या जागी हाताला यायला हवा आणि गिझरचं तापमान ५० अंशांच्या वर ठेवू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. बाथरूमचं दार आत उघडतं ना? ते बाहेर उघडणारं करून घ्या. आत माणूस पडला तर तो दारालाच टेकून पडतो आणि बाहेरच्यांना दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी. या सगळ्यात आधी हे करा, टाइल्स नंतर.

*प्रश्न : ताबा मिळून दोन वर्षं झाली. मास्टर बाथरूममध्ये आम्ही काचेचं शॉवर पार्टिशन बसवून घेतलं. आता खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली आहे. बिल्डरची माणसं म्हणतात, तुम्ही ड्रिल मारलंत, आमची जबाबदारी संपली. खरं आहे का? (वाचक, वाकड)*

अर्धं. जमिनीत ड्रिल मारलं असेल तर त्यांच्या हाती तुम्ही आयतं कारण दिलंत. टाइल आणि मसाल्याची जाडी दोन इंचांच्या आसपास, त्याखाली कोटिंग. लांब स्क्रू ते भोसकू शकतो. काचेची खालची पट्टी सिलिकॉननं चिकटवायची असते, स्क्रू लागले तर ते फक्त भिंतीत. पण ड्रिल तिथं आहे म्हणून गळती तिथूनच आहे असं होत नाही. ते शोधावं लागतं आणि शोधायला फोडावं लागत नाही.

रात्री झोपताना बाथरूमच्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि त्या रात्रीपासून बाथरूम वापरू नका. ओल दोन-तीन दिवसांत सुकायला लागली, मग नुसता व्हॉल्व्ह उघडून बाथरूम कोरडंच ठेवलं आणि ओल परत आली, तर दोष दाबाच्या, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या पाइपात आहे. जमिनीचा किंवा तुमच्या ड्रिलचा संबंध नाही. परत आली नाही तर जमीन किंवा सांडपाण्याची लाइन. मग जाळीत कापडाचा बोळा घालून जमिनीवर इंचभर पाणी साठवा आणि त्यात कपड्यांची नीळ कालवा. खाली निळं उतरलं तर जमीन. नाही उतरलं तर बोळा काढून नीळ घातलेली बादली जाळीत ओता. आता उतरलं तर ट्रॅप किंवा त्याचा सांधा. प्रत्येक टप्प्याला दिवसभर थांबा, पाणी सावकाश चालतं. टाइल्सच्या फटी निळसर होतील, त्याला इलाज नाही. तारीख दिसेल असे फोटो काढत जा.

दाबाचा पाइप किंवा ट्रॅपचा सांधा निघाला तर तुमची बाजू भक्कम आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीचा किंवा सोयींचा दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तोंडी सांगू नका. ई-मेल करा, पोच ठेवा. आणि तोवर स्वतः काहीही फोडू नका, कितीही हात शिवशिवले तरी. फोडलेल्या बाथरूमवर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. हेच पाच वर्षांनंतर झालं असतं तर खर्च तुमचाच. सोसायटीच्या आदर्श उपविधींतही बाथरूम-संडासातल्या आतल्या गळतीचा खर्च ज्याच्या फ्लॅटमधून ती होते त्याच्यावर टाकलेला आहे.

*प्रश्न : बोअरच्या पाण्यानं शॉवरची जागा पांढरी-पिवळी पडली आहे. बाई ॲसिड टाकून घासते, लख्ख निघतं. पण टाइल्समधल्या फटी खोल होत चालल्यात. (वाचक, लातूर)*

ॲसिड क्षार खातं तसंच सिमेंटही खातं, फटी त्यानंच खोल झाल्या. नळाचा क्रोमही तेच नेतं. बंद करा. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व दोन चमचे, लिटरभर कोमट पाण्यात. वीस मिनिटं ओलं ठेवून नायलॉनच्या ब्रशनं घासा. कड कडाप्प्याची किंवा कोटाची असेल तर तिथं हेही लावू नका, दोन्ही चुनखडकच आहेत, चमक जाते. फटी एकदा इपॉक्सीनं भरून घ्या. आणि ॲसिड टाकलेल्या जागी ब्लीचिंग किंवा जंतुनाशक कधी ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. बाईंना हे शेवटचं आधी सांगा.

*प्रश्न : राजापूरजवळ आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. न्हाणीघरात आजोबांच्या वेळचा काळा दगड आहे, बंबाची जागा आहे, पाणी मागच्या केळींना जातं. मुलगा मुंबईहून येतो, त्याला शॉवर हवा. तो म्हणतो, दगड काढून शॉवर बेस टाकू. काय करू? (वाचक, ता. राजापूर)*

मुलाला म्हणावं, तुझ्या आजोबांनी बेस टाकून ठेवलेलाच आहे. मधे किंचित खोलगट, एका बाजूला ओघळ, पायाला खरबरीत. इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांत बाथरूमच्या जाळीला आजही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, आपल्याच न्हाणीवरून. शिकत असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सरांना विचारलं होतं की हे छापताना चुकलं का.

तुमच्या खाली कुणी राहत नाही, त्यामुळे पहिल्या उत्तरातलं पाणी भरून ठेवण्याचं प्रकरण तुम्हाला लागू नाही. तुमचा धोका भिंतीचा. बादलीच्या अंघोळीला पाणी गुडघ्यापर्यंत उडायचं, शॉवरचं डोक्यावरून भिंतीवर जाईल आणि तुमच्या चिऱ्याचा जांभा ते पिऊन पलीकडच्या खोलीत ओल देईल. शॉवरच्या दोन भिंतींना सहा-सात फुटांपर्यंत गिलावा, त्यावर कोटिंग, त्यावर टाइल किंवा नुसता नीरू, म्हणजे चुन्याचा बारीक लेप घोटून घ्या. दगड आणि भिंत यांच्या सांध्याला वाटा मारा. दगडाला हात लावायची गरज नाही. फार तर ओघळापाशी साठलेलं जुनं शेवाळ खरवडा. शॉवरसाठी वरची टाकी शॉवरच्या तोंडापेक्षा निदान दहा-बारा फूट उंच हवी, नाहीतर धार नुसती निथळेल आणि मुलगा परत बंबाकडे येईल. ते वाईट आहे असं माझं म्हणणं नाही.

पाणी केळींना जाऊ द्या, साबणाच्या पाण्यावर केळ चांगली वाढते. फक्त पाइपाचं बाहेरचं तोंड जमिनीपेक्षा वीतभर वर राहू द्या, म्हणजे पावसात अंगणातलं पाणी आत फिरणार नाही, आणि त्या तोंडाला मच्छरदाणीची नाही, तारेची जाळी बांधा. मृगाची पहिली सर झाली की बेडूक त्याच वाटेनं आत येतात, आणि बेडकांमागोमाग कोण येतं ते तुम्हा राजापूरकरांना मी सांगायला नको.